मांजर म्हणजे मांजर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार ज्यांचे आहेत त्यांचं नाव शालिकराम भोयर. ते माझे शिक्षक नव्हते की नातेवाईक नव्हते. नागपूरला वर्धा रोडवरच्या ज्या मोटार वर्कशॉपमध्ये मी सतरा वर्षं नोकरी करतो आहे, तिथले ते हेड मेकॅनिक होते. शिक्षण सातवी. आज मी चार लोकांत गाडीबद्दल जे बोलतो त्यातला शब्दन्‌शब्द त्यांनी शिकवलेला आहे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला गाडीच्या इंजिनात लपणाऱ्या मांजरांचे गमतीदार अनुभव लिहायला सांगितले. गमती आहेत, त्या लिहितो. पण त्यातली एकही माझी एकट्याची नाही, आणि शालिकभाऊंच्या बाबतीत मी जे केलं ते वगळून त्या मला सांगता येत नाहीत. अंक सणाचा आहे, याची मला जाणीव आहे.

मी काटोलचा. वडील संत्र्याच्या बाजारात पेट्या ठोकायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मराठी घेऊन बी.ए. झालो, दोन वर्षं इकडेतिकडे अर्ज केले आणि शेवटी इथे 'सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर' म्हणून लागलो. नाव मोठं आहे. काम एवढंच, की ग्राहकाची तक्रार ऐकायची आणि ती जॉब कार्डवर लिहायची. दवाखान्यात केसपेपर काढतात, तसं. कार्ड आणि किल्ली खाली मेकॅनिककडे जाते आणि तो कार्ड वाचून कामाला लागतो. म्हणजे मी काय लिहितो, यावर पुढचं सगळं. मला तेव्हा सायकलची उतरलेली चेन बसवता येत होती. चारचाकीचं बोनेट कुठून उघडतं, हेही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात शालिकभाऊंनी खालून हाक मारली, "ओ बीए, तीन नंबरच्या गाडीत मांजर बोलून राहिली. पाहा जरा!"

'बीए' हे माझं नाव त्यांनीच ठेवलं होतं. मी धावत कँटीनमध्ये गेलो, ताटलीत दूध घेतलं आणि ते न सांडता तीन नंबरच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. पाच-सहा मेकॅनिक माझ्याकडे पाहत होते. मग एकदम सगळे हसायला लागले. एक जण तर पाना टाकून खाली बसला.

"काहून गा, दूध काहून आणलं?" शालिकभाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "बेल्टले दूध नाही चालत."

आमच्याकडे इंजिनाचा पट्टा, म्हणजे बेल्ट, सैल झाला की सकाळी गाडी सुरू करताच चीं चीं असा आवाज येतो. त्याला वर्कशॉपमध्ये सगळे 'मांजर बोलते' म्हणतात. कार्डवरही तसंच लिहायची पद्धत होती. 'मांजराचा आवाज' असं वाचलं की मेकॅनिक समजायचा, बेल्ट पाहायचा आहे. आणि बेल्टचा आवाज ऐकायचा तर गाडी थंड असतानाच सुरू करावी लागते. बोनेट त्यानंतर उघडायचं.

ती दुधाची ताटली मला पुढे दोन वर्षं ऐकावी लागली. हे मुद्दाम लिहितो आहे. त्या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ मला ठाऊक नव्हता, असं मी कधीच म्हणू शकत नाही.

शालिकभाऊंची शिकवण्याची एक तऱ्हा होती. ग्राहक समोर असला की ते मला 'बीए' म्हणत नसत, 'साहेब' म्हणत. मला काही कळत नाही हे ग्राहकाच्या लक्षात यायच्या आत ते बोनेटखाली पान्यानं एका भागावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "साहेब म्हणते ते बरोबर हाय जी. हा पाइपच गळून राहिला." मी काहीच म्हटलेलं नसायचं. ग्राहक माझ्याकडे आदरानं पाहायचा, आणि मी त्या भागाचं नाव मनात पाठ करायचो. वर्षभरात मी खरोखरच म्हणायला लागलो. तरी ते वाक्य त्यांनी सोडलं नाही.

आता खऱ्या मांजरांविषयी.

नागपूर म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे काय थंडी पडते ते इथल्या मांजरांना विचारावं. गाडी येऊन उभी राहिली की इंजिन बराच वेळ कोमट राहतं. मांजर चाकाच्या आतल्या बाजूनं वर चढतं आणि गिअरबॉक्सवर नाहीतर खालच्या प्लास्टिकच्या गार्डवर अंग मुडपून बसतं. पिल्लं असली तर ती बॅटरीच्या ट्रेखालीही मावतात. मांजरी पिल्लांच्या जागा बदलत असते. बोक्याला सापडू नयेत म्हणून तिला असली अडचणीची जागाच हवी असते.

मांजर आत आहे असं कळलं की शालिकभाऊ आधी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायचे. पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद असलं तरी नुसती किल्ली फिरवली की रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. मग बोनेट हळू उघडून बॅटरीची वायर सोडायची. काठी घालायची नाही, पाणी मारायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. घाबरलेलं मांजर बाहेर येत नाही, आणखी आत शिरतं. तिन्ही बाजूंना चादरी लावून एकच बाजू मोकळी ठेवायची, तिथे थोडं सुकट ठेवायचं आणि दूर जायचं. मोठं मांजर बहुतेक वेळा आपणहून निघून जातं. अडचण जमलेल्या लोकांची होते. कोणी मोबाइल धरून उभा, कोणी 'मांऊ मांऊ' करतो. "आधी माणसं हटव गा," हे शालिकभाऊंचं पहिलं वाक्य असायचं. पिल्लाला मात्र उतरता येत नाही. त्यासाठी गाडी उचलून खालचं गार्ड सोडवायचं, खाली दोघांनी चादर ताणून धरायची आणि जाड टॉवेलमध्ये घ्यायचं. ओरखडा निघाला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं. ते स्वतः दोनदा जाऊन आले होते.

ज्या गाडीत मांजर असल्याची काहीच खबर नाही, तिच्यासाठीही त्यांचा एक नेम होता. थंडीच्या दिवसांत कुठलीही गाडी सुरू करण्याआधी ते बोनेटवर तळहातानं दोन थापा मारायचे. मग खिशातली खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडी सोडून चिमूटभर तोंडात टाकेपर्यंत थांबायचे. आत कोणी असेल तर त्याला निघायला तेवढा वेळ. मग किल्ली. इतर मेकॅनिकही त्यांचं पाहून तसंच करायचे.

एकदा काटोलहून संत्र्याचे एक व्यापारी आले. माझ्याच गावचे, म्हणून जरा जास्तच हक्कानं बोलत होते.

"पोरा, गाडीत भूत हाय. कोंढाळीपासून रडून राहिलं. बायको उतरून बसनं आली."

शालिकभाऊंनी गाडीखाली डोकं घातलं आणि तसंच पडल्या पडल्या म्हणाले, "शेठजी, भुताले शेपूट असते का?"

गार्ड सोडलं तर भुऱ्या रंगाचं पिल्लू. काटोल ते नागपूर गार्डवर बसून आलेलं, मिशा जळलेल्या, बाकी अंगाला धक्का नाही. असं सहसा होत नाही.

"मी तुमच्या कंपनीले शिव्या देऊन राहिलो होतो, का मायलेज देत नाही म्हणून," व्यापारी म्हणाले. "ही सवारी फुकट बसली होती ना!"

"काटोलचीच हाय," शालिकभाऊ म्हणाले. "नागपूर आलं तशी चूप बसली पाहा."

व्यापाऱ्यांनी ते पिल्लू संत्र्याच्या पेटीत वर्तमानपत्र घालून परत नेलं. पुढची सहा वर्षं गाडी दाखवायला आले की आधी मांजराची खुशाली सांगायचे, मग गाडीची तक्रार.

अशा गोष्टी मी कितीही सांगू शकतो. आता पुढचं.

एका ग्राहकानं तक्रार केली की माझ्या पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर काळ्या हाताचे ठसे आहेत, तुमचे लोक गाडीला मारतात. मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. "तुझं मराठी चांगलं आहे. एक नोटीस लिही." मी लिहिली: 'ग्राहकांच्या वाहनाच्या बोनेटवर कोणीही हाताने मारू नये. आदेशावरून.' थापा कशासाठी मारतात, हे मी साहेबांना सांगू शकलो असतो. मी शुद्धलेखन तपासलं आणि नोटीस भिंतीवर लावली.

शालिकभाऊंनी ती उभं राहून पूर्ण वाचली. "अक्षर चांगलं हाय, बीए," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून थापा बंद झाल्या.

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात रामदासपेठेतल्या घाटे काकूंची गाडी आली. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या मांजरीला त्या रोज खायला घालायच्या. त्या मांजरीचं पिल्लू त्यांच्या गाडीच्या बोनेटमध्ये शिरलं होतं आणि निघत नव्हतं. काकूंनी जे करायला हवं ते सगळं केलं. गाडी सुरू केली नाही. फोन करून बंद गाड्या उचलून आणणारी आमची उचलगाडी मागवली आणि स्वतः रिक्षानं मागोमाग आल्या.

"हे पाहा, आत पिल्लू आहे," त्यांनी मला सांगितलं. "ओरडतंय. काही झालं तरी गाडी सुरू करायची नाही. तुम्ही लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. काउंटरवर सात-आठ माणसं उभी होती. मी लिहिलं: 'बोनेटमधून मांजराचा आवाज. तपासणे.' गाडी उचलून आणली आहे हे लिहायला कार्डवर वेगळा चौकोन असतो. तो मी रिकामा सोडला. अशा वेळी मी नेहमी स्वतः खाली जाऊन तोंडी सांगत असे. तसाच उठलोही होतो. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ सीट कव्हर पसंत करत होते, त्यांना मदत हवी होती. मी वीस मिनिटं तपकिरी आणि करड्या रंगाबद्दल बोलत बसलो.

शालिकभाऊंनी कार्ड वाचलं. रांगेत उभी असलेली गाडी, थंड इंजिन, मांजराचा आवाज. ते आत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

मी बाहेर आलो तेव्हा गाडी बंद होती आणि ते बोनेटपाशी जमिनीवर बसले होते. काकू काचेमागच्या खोलीतून येऊन त्यांच्यासमोर उभ्या होत्या. हातात चहाचा कप तसाच होता.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना हो."

शालिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. दुसरं पिल्लू होतं. काकूंनाही ते ठाऊक नव्हतं.

ते उठले. आधी नळावर जाऊन हात धुतले. साबण लावून तीनदा धुतले. मग किल्ली खिशात टाकली, बॅटरी सोडली, उचलून बाहेर काढली, ट्रे सोडवला. पिल्लू आणखी खाली सरकलं. गाडी उचलून त्यांनी गार्डचे स्क्रू एकेक करून हातानं सोडले. मशीन लावलं नाही, आवाज होतो म्हणून. या कामाला दोन तास लागले. शेवटी गार्ड एका बाजूनं खाली झुकवलं आणि ते बाजूला झाले.

"काकू, आता तुमी आवाज द्या जी. तुमचा आवाज थे ओळखते."

"तुम्हीच काढा ना."

"माह्या हाताचा वास आता त्याले नाही चालणार."

काकू लादीवर गुडघे टेकून बसल्या आणि 'ये रे बाळा, ये' म्हणत राहिल्या. त्यांच्या शालीत ते पिल्लू आलं. त्याला घेऊन त्या गेल्या.

आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता: मी स्पष्ट सांगितलं असताना हे कसं झालं? पत्राची एक प्रत मालकांकडेही गेली होती, त्यामुळे चौकशी करणं भाग होतं. भिंतीवरची माझी नोटीस त्याआधीच कोणीतरी काढून टाकलेली होती.

साहेबांनी मला आधी एकट्याला बोलावलं. "कार्डवर तू मांजर लिहिलंस ना? मग तुझं काम तू केलंस." त्यांना काय हवं आहे ते मला समजलं. माझी मुलगी तेव्हा पाचवीला होती. शालिकभाऊंच्या घरी पाच माणसं खाणारी होती, हेही मला ठाऊक होतं.

मग त्यांना बोलावलं. कार्ड टेबलावर होतं.

"इथे काय लिहिलंय?" साहेबांनी मला विचारलं.

"मांजराचा आवाज."

"त्याचा अर्थ काय?"

मी मराठीचा पदवीधर. एका शब्दाचे दोन अर्थ कसे होतात, यावर मी परीक्षेत पानं भरली होती. मी म्हणालो, "मांजर म्हणजे मांजर."

साहेब शालिकभाऊंकडे वळले. "तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं जी."

"मग?"

त्यांनी फक्त एवढंच म्हणायची गरज होती, की साहेब, आमच्याकडे मांजर म्हणजे बेल्ट, अख्ख्या वर्कशॉपला विचारा. बीएलाच विचारा, तो दूध घेऊन आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्डाकडे पाहत होतो.

"साहेब म्हणते ते बरोबर हाय जी," ते म्हणाले. "माह्याच ध्यानात नाही आलं."

तिसऱ्या दिवशी त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. ते इंग्रजीत होतं. ते घेऊन ते माझ्याच काउंटरवर आले. "याच्यात काय लिहिलं हाय, वाचून सांगा जी." त्यांनी मला बीए म्हटलं नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पत्रात पिल्लू मेल्याचा उल्लेख होता, आणि पुढे जो शब्द होता त्याचा अर्थ बेपर्वाई, कसलीही फिकीर न करता वागणं, असा होतो. मी म्हणालो, "कामाकडे थोडं दुर्लक्ष झालं, असं लिहिलंय." त्यांनी मान हलवली. "तेवढं तर झालंच," म्हणाले, आणि पत्राची घडी करून खिशात ठेवली.

ते मौद्याला मेहुण्याकडे गेले. तिथे वीज केंद्रातून राख नेणारे ट्रक असतात, त्यांना ग्रीस भरायचं काम करतात. या पावसाळ्यात आमच्या उचलगाडीच्या ड्रायव्हरनं मला एक गोष्ट सांगितली. शालिकभाऊ मध्यंतरी नागपुरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम मागायला गेले होते. जुन्या नोकरीचा कागद मागितला, तर त्यांनी विश्वासानं तेच पत्र पुढे केलं. दुर्लक्षच लिहिलं आहे, त्याचं खरं कारण आपण सांगू, असं त्यांना वाटलं होतं. काउंटरवरच्या माणसानं तो इंग्रजी शब्द मोठ्यानं वाचला, त्याचा अर्थ सगळ्यांसमोर सांगितला आणि विचारलं, "काका, मुक्या जनावराला मारून वर इकडे काम मागता?"

ड्रायव्हर म्हणाला, "शालिकभाऊ कागद उचलून चालले गेले."

त्यानंतर मी त्यांना चार वेळा फोन केला. मग पत्र लिहिलं. ते पोचल्याची पावती माझ्याकडे आहे, उत्तर नाही. पत्र असं:

आदरणीय शालिकभाऊ,

नमस्कार. फोनवर तुम्ही "राहू द्या जी" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितो. उत्तर दिलं नाही तरी चालेल.

त्या दिवशी कार्डवर मी 'मांजराचा आवाज' लिहिलं. आपल्याकडे त्याचा अर्थ बेल्ट होतो हे लिहिताना मला माहीत होतं. खाली येऊन सांगायचं होतं, ते मी सांगितलं नाही; सीट कव्हर दाखवत बसलो. साहेबांसमोर 'मांजर म्हणजे मांजर' म्हटलं तेव्हाही मला माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, तेही मला दिसलं होतं.

तुम्हाला दिलेल्या पत्राचा अर्थ मी खोटा सांगितला. त्यात दुर्लक्ष लिहिलेलं नाही. त्यात तुम्ही बेपर्वा आहात असं लिहिलं आहे. खरा अर्थ सांगितला असता तर तुम्ही ते पत्र घेऊन कुठे गेला नसता, आणि कदाचित तेव्हाच भांडला असता. मला त्याचीच भीती होती.

हे सगळं मी मालकांना सही करून लिहून दिलं आहे. घाटे काकूंकडेही गेलो. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. "ते गृहस्थ दोन तास गाडीखाली होते, हे मी माझ्या पत्रात लिहिलं नाही," असं म्हणाल्या. मग दार लावलं.

मालक तुम्हाला परत बोलावतील असं मला वाटत नाही. माझी नोकरी राहील की नाही हेही सांगता येत नाही. त्याचा विचार तुम्ही करू नका, आणि कोणी विचारलं तर माझी बाजू घेऊ नका. ही एवढी विनंती आहे.

सोबत एक कागद जोडला आहे. घडलं ते त्यात क्रमानं आहे, खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही आहे. कुठे काम मागायला गेलात तर तो दाखवा. मराठीत लिहिला आहे. दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.

आपला,
प्रमोद